काढला तिसरा, गेला चौथा

फोन एका पतसंस्थेतून आला होता. कर्जविभाग सांभाळणाऱ्या बाईंचा आवाज शांत होता, पण सांगत होत्या ते ऐकून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "मॅडम, अर्जात चार जामीनदार भरले. तिसऱ्यानं ऐन वेळी नकार दिला, म्हणून त्याच्यासमोरचं 'काढा' दाबलं. तर तिसरा जागेवरच राहिला आणि चौथा गेला. छापून पाहिलं म्हणून कळलं. नाहीतर नकार दिलेला माणूस जामीनदार म्हणून कागदावर आला असता."

समोर माझा सहकारी निखिल बसला होता. त्यानं तिथल्या तिथे तोच अर्ज उघडला, चार नावं भरली, तिसऱ्या ओळीतलं 'काढा' दाबलं. चौथी ओळ नाहीशी झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लॉगमध्ये एक अक्षर नाही. कुठे एरर नाही, सूचना नाही. प्रोग्राम ताकास तूर लागू देत नव्हता.

तो अर्ज आम्ही 'अपाची विकेट' या जावाच्या वेब फ्रेमवर्कवर बांधला आहे. त्या संध्याकाळी आमच्या दोघांत जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. आमचं एकमत झालं म्हणून नव्हे, तर या वादातली दोन्ही टोकं रोज काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची असतील म्हणून.

"ताई, दोष फ्रेमवर्कचा आहे," निखिल म्हणाला. "आपण सांगितलं तिसरा काढ. त्यानं चौथा काढला. याला दुसरं काय म्हणणार?"

"दोष आपला आहे," मी म्हणाले. "ओळी उभ्या करणाऱ्या लिस्टव्ह्यूच्या जावाडॉकमध्ये हे लिहिलंय. आपण वाचलं नाही."

"लिहिलंय म्हणजे झालं? खड्ड्याशेजारी पाटी लावली की खड्डा बुजतो का?"

इथे विकेटची ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. जोनाथन लॉक यांनी २००४ मध्ये ते सुरू केलं. २००७ मध्ये ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प झालं. त्याची मांडणी मला पहिल्या दिवसापासून पटली, आजही पटते. पानाचं एचटीएमएल वेगळ्या फाइलीत आणि अगदी स्वच्छ. त्यात जावाचा लवलेश नाही. ज्या टॅगमध्ये मजकूर किंवा हालचाल हवी त्याला एक विकेट-आयडी द्यायचा आणि जावामध्ये त्याच नावाचा कंपोनंट जोडायचा. दोन्हीकडचं झाड जुळलं पाहिजे: एचटीएमएलमध्ये जो टॅग ज्याच्या पोटात, जावामध्ये तो कंपोनंट त्याच्याच पोटात. डिझाइन करणारा माणूस पान नुसतं ब्राउझरमध्ये उघडून पाहू शकतो. जावा लिहिणारा त्याच्या कामात लुडबूड करत नाही.

झाड आधीपासून ठरलेलं असेल तोवर सगळं सुरळीत चालतं. अडचण येते ती झाड चालता चालता बदलायचं असतं तेव्हा. जामीनदार दोन असतील की पाच, हे अर्ज भरणारा ठरवणार. म्हणजे एचटीएमएलमध्ये एकच ओळ लिहायची आणि ती जावानं हवी तितक्या वेळा उभी करायची. यासाठी विकेटमध्ये रिपीटर नावाचं एक कुटुंबच आहे: लिस्टव्ह्यू, रिपीटिंगव्ह्यू, रिफ्रेशिंगव्ह्यू, डेटाव्ह्यू. बहुतेक जण लिस्टव्ह्यू उचलतात. नाव साधं, वापर सोपा, आणि कोणत्याही उदाहरणात आधी तोच भेटतो.

निखिलनं आमचा कोड उघडला. लिस्टव्ह्यूच्या खाली एक ओळ होती: सेट-रीयूज-आयटम्स, खरं. "ही कोणी घातली?"

मला आठवत होतं. सुरुवातीला ही ओळ नव्हती, आणि तेव्हा वेगळाच त्रास होता. बाई पहिल्या जामीनदाराचं नाव-पत्ता भरायच्या, 'आणखी एक जोडा' दाबायच्या, आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. कारण असं: 'जोडा' दाबताना अर्ज अर्धवटच असतो, त्यामुळे त्या बटणाला आम्ही तपासणी बंद ठेवायला सांगितलं होतं. तपासणी नाही म्हणजे भरलेला मजकूर खाली मॉडेलपर्यंत, म्हणजे अर्जामागच्या माहितीपर्यंत, पोहोचत नाही. तो त्या त्या टेक्स्टफील्डच्या ओंजळीत कच्चा माल म्हणून राहतो. आणि लिस्टव्ह्यूची मूळ सवय अशी की पान पुन्हा काढताना तो जुन्या ओळी टाकून देतो आणि नव्या बनवतो. ओंजळ गेली, मजकूरही गेला. तेव्हा कोणीतरी शोधून ही एक ओळ घातली: ओळी पुन्हा वापर, टाकू नकोस. मजकूर टिकू लागला. सगळे खूश झाले आणि विषय मिटला.

"आणि आज त्याच ओळीनं दगा दिला," निखिल म्हणाला.

त्यानं कागदावर चार चौकोन काढले. लिस्टव्ह्यू ओळीला ओळखतो तो माणसावरून नव्हे, क्रमांकावरून. तिसरा माणूस यादीतून गेला की यादी तिघांची उरते. लिस्टव्ह्यू पाहतो: मला आता तीनच ओळी हव्यात, चौथी जादा आहे. ती तो काढून टाकतो. तिसरी ओळ मात्र तीच जुनी, तिच्या ओंजळीत नकार दिलेल्या माणसाचं नाव तसंच. यादीत बरोबर माणूस गेला होता, पडद्यावर चुकीचा गेला. आणि जतन केलं की पडद्यावरचंच यादीत उतरणार.

"आता तुमचं जावाडॉक वाचा," तो म्हणाला.

मी वाचलं. फॉर्ममध्ये लिस्टव्ह्यू वापरायचा तर ओळी पुन्हा वापरण्याचा पर्याय चालू केलाच पाहिजे, असा इशारा तिथे आहे; 'केलाच पाहिजे' हे मोठ्या अक्षरांत आहे. पुढे असंही आहे की, तो पर्याय चालू असताना तुम्ही यादी बदललीत तर सगळ्या ओळी स्वतः काढून टाका, म्हणजे त्या नव्यानं बनतील.

"बघितलंस?" मी म्हणाले. "दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत."

"बघितलं. आता दोन्ही एकदम पाळून दाखवा. पहिलं वाक्य म्हणतं, ओळी टिकवा, नाहीतर मजकूर जाईल. दुसरं म्हणतं, यादी बदलली की ओळी काढून टाका. ओळी काढल्या की मजकूर गेलाच! म्हणजे तिसरा जामीनदार नीट निघेल आणि पहिल्या-दुसऱ्याचे पत्तेही पुसले जातील."

मी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. गेली कित्येक वर्षं मी ती पाहत आले आहे, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. प्रत्येक वाक्य आपल्या जागी खरं आहे. पहिलं फॉर्मसाठी, दुसरं यादीसाठी. आमचा प्रश्न दोघांच्या मधल्या जागेत होता: फॉर्ममधली, अर्धवट भरलेली, बदलती यादी. मी निखिलला प्रामाणिकपणे तसं सांगितलं.

"म्हणूनच म्हणतो," तो म्हणाला, "डॉक्युमेंटेशन वाढवणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. कंपोनंट सुधारा. ज्या कंपोनंटला वापरण्यासाठी परिच्छेदभर इशारा लागतो तो अर्धवट बनलेला आहे. विकेटच्याच इतिहासात बघा ना, जिथे जिथे कंपोनंट सुधारला तिथे इशारे गळून पडले."

त्याचा गृहपाठ पक्का होता. त्यानं ऑन-कन्फिगरचं उदाहरण दिलं. पूर्वी एखादा कंपोनंट परिस्थितीनुसार दाखवायचा की लपवायचा, हे ठरवायला लोक इझ-व्हिजिबल ही मेथड स्वतःची लिहायचे. ती एका विनंतीत अनेकदा बोलावली जाते. तिच्या आत कोणी डेटाबेसला प्रश्न विचारत असेल तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा जायचा, आणि पान का रेंगाळतंय ते कळायचं नाही. उत्तरही मधेच बदललं तर अर्धं पान एक म्हणणार, अर्धं दुसरं. मग ऑन-कन्फिगर आलं: दर विनंतीला एकदाच, पान काढण्याआधी, 'दिसायचं की नाही ते इथे ठरव.' प्रश्न मुळातून सुटला.

दुसरं उदाहरण त्यानं सातव्या आवृत्तीचं दिलं. दोन्हीकडची झाडं जुळवायचा जाच कमी व्हावा म्हणून तिथे 'क्यू' आलं. कंपोनंट कोणाच्या पोटात आहे ते जावामध्ये पुन्हा सांगायचं नाही. नुसता रांगेत ठेवायचा, एचटीएमएल बघून फ्रेमवर्क त्याला योग्य जागी बसवतं. डिझाइन करणाऱ्यानं एक डिव्ह इकडचा तिकडे केला तरी जावाला हात लावावा लागत नाही. "हे करायला किती पानं डॉक्युमेंटेशन लागलं असतं? आणि ते वाचूनही लोक चुकलेच असते."

मी म्हणाले, "तुझी दोन्ही उदाहरणं खरी आहेत. पण गोष्ट अर्धीच सांगतोस. ऑन-कन्फिगर येऊन इतकी वर्षं झाली, तरी मागच्याच महिन्यात आपल्याकडे नव्यानं आलेल्या मुलीनं इझ-व्हिजिबलमध्येच डेटाबेसचा प्रश्न लिहिला. का? तिला जो लेख सापडला तो जुना होता. मार्टाइन डॅशॉर्स्ट आणि एल्को हिलेनिअस यांचं 'विकेट इन अ‍ॅक्शन' मी अजून टेबलावर ठेवते. संकल्पना इतक्या सुंदर कोणी समजावल्या नाहीत. पण ते २००८ चं आहे, १.३ आवृत्तीवरचं. त्यात नसलेल्या गोष्टी त्यानंतर आल्या. कंपोनंट सुधारला की जुनं डॉक्युमेंटेशन आपोआप पुसलं जात नाही रे. ते चुकीचं होऊन जिवंत राहतं. सुधारणा केली आणि ती सांगितली नाही, तर निम्म्या लोकांसाठी ती झालेलीच नसते."

यावर तो क्षणभर थांबला. मग त्यानं विचारलं, "मग लिस्टव्ह्यूची मूळ सवयच का बदलत नाहीत? पर्याय आधीपासूनच चालू ठेवा."

हा प्रश्न मला आवडला, कारण फ्रेमवर्क चालवणाऱ्यांचं दुःख त्यातच आहे. बहुतेक लिस्टव्ह्यू फॉर्ममध्ये नसतात. ते नुसतं दाखवायचं काम करतात: खात्यांची यादी, हप्त्यांचा तक्ता. तिथे यादी बदलली की ओळी नव्या बनायलाच हव्यात. त्यांना जुन्या ओळी वापरायला लावल्या तर क्रम बदलल्यावर जुन्याच खुणा, जुनेच रंग दिसत राहतील. एकाचा त्रास वाचवायला शंभरांना त्रास. शिवाय इतक्या वर्षांत या सवयीवर विसंबून लिहिलेले किती अर्ज जगात चालू असतील? सहाव्या आवृत्तीपासून विकेटनं शब्द दिला आहे की, जुनं मोडणारे बदल फक्त मोठ्या आवृत्तीत येतील. तो शब्द पाळला जातो म्हणूनच आमच्यासारखे लोक धीरानं पुढची आवृत्ती घेतात.

मी त्याला २.० ची गोष्ट सांगितली. विकेटच्या आवृत्त्यांत १.५ नंतर एकदम ६ येते, २.० कधी प्रकाशितच झाली नाही. तिच्यावर काम मात्र झालं होतं. त्यात कंपोनंट बनवतानाच त्याचा पालक सांगायचा होता, म्हणजे झाड पहिल्या क्षणापासून पक्कं. कल्पना चांगली होती, बरेच गोंधळ जन्मालाच आले नसते. पण त्यासाठी प्रत्येक अर्जातला प्रत्येक कंपोनंट बदलावा लागणार होता. अखेर ती शाखा सोडून दिली गेली आणि तिच्यातलं जेनेरिक्सचं काम २००९ मध्ये १.४ मधून लोकांपर्यंत पोहोचलं. "बरोबर असलेली गोष्टसुद्धा लोकांना पेलेल अशाच रीतीनं द्यावी लागते," मी म्हणाले. "तोवर इशाऱ्याला पर्याय नाही."

"इशारा हवाच," निखिल म्हणाला, "पण तो जावाडॉकमध्ये कशाला? जावाडॉक कोण उघडतं? अडखळल्यावर माणूस उघडतो. आणि इथे तर अडखळलोच नाही. प्रोग्राम गुपचूप चुकला. इशारा द्यायचा तर चूक होते तिथे, त्याच क्षणी."

मग त्यानं मुद्दाम एक चूक केली. एचटीएमएलमध्ये एक टेक्स्टफील्ड एका डिव्हच्या बाहेर आणलं, जावामध्ये तसंच ठेवलं, आणि पान उघडलं. विकेटनं पानभर एरर दाखवली: अमुक आयडीचा कंपोनंट सापडला नाही; अपेक्षा इथे होती; मिळत्याजुळत्या नावाचा कंपोनंट मात्र तिथे आहे. त्या शेवटच्या वाक्यावर त्यानं बोट ठेवलं. "हे खरं डॉक्युमेंटेशन. चुकलंय हे सांगितलंच, वर कुठे बघायचं तेही सांगितलं. हे वाचायला कुठलं पान शोधावं लागलं नाही."

तसाच दुसरा मासला मी दाखवला, कारण एव्हाना मलाही उत्साह आला होता. जावामध्ये कंपोनंट जोडला आणि एचटीएमएलमध्ये लिहायला विसरलो, तर डेव्हलपमेंट मोडमध्ये विकेट त्या कंपोनंटचं नाव सांगतंच, वर संभाव्य कारणंही सांगतं: एक तर टॅग लिहायचा राहिला असेल, किंवा पानाला वारसा असेल तर एक्स्टेंड टॅगच्या आत तो आलेला नसेल. ज्यानं हा मजकूर लिहिला त्याला शेकडो लोकांचे तेच तेच प्रश्न ऐकून लिहावंसं वाटलं असणार. शिक्षक जसा मुलाची वही बघून चूक कुठून आली ते ओळखतो, तसा हा मजकूर आहे.

आणि लगेच उलटं उदाहरणही डोळ्यांसमोर आलं. लपवलेला कंपोनंट एजॅक्सनं दाखवायचा असतो. लपवलेल्या कंपोनंटचं एचटीएमएल ब्राउझरकडे गेलेलंच नसतं, त्यामुळे नवा मजकूर ठेवायला तिथे जागाच नसते. त्यासाठी प्लेसहोल्डर टॅगचा पर्याय चालू करावा लागतो, म्हणजे विकेट एक रिकामा, अदृश्य टॅग जागा धरून ठेवायला पाठवतं. हे कळल्यावर एका ओळीचं काम. न कळता मी स्वतः सुरुवातीच्या काळात दोन दिवस घालवले आहेत. कंपोनंटनं मला काही सांगितलं नाही. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

निखिलची सूचना आता ठोस झाली होती. डेव्हलपमेंट मोडमध्ये लिस्टव्ह्यूनं वर पाहावं: माझा कोणी पूर्वज फॉर्म आहे का? खाली पाहावं: माझ्या ओळीत टेक्स्टफील्डसारखं काही भरायचं आहे का? दोन्ही असेल आणि ओळी पुन्हा वापरण्याचा पर्याय बंद असेल, तर तिथेच बोलावं. आणि पर्याय चालू असताना यादी मधूनच लहान झाली, तर तेव्हाही बोलावं.

"फक्त फॉर्म बघून ओरडला तर खोटे इशारे फार होतील," मी म्हणाले. "फॉर्मच्या आत नुसत्या दाखवायच्या याद्या किती असतात."

"म्हणून तर खालीही बघायचं."

"आणि लॉगमधला इशारा कोण वाचतं? डेव्हलपमेंट मोड चालू आहे असं विकेट सुरू होतानाच तारकांच्या चौकटीत ठळक छापतं. तरी तो मोड तसाच ठेवून चालवलेले अर्ज मी पाहिलेत."

"मग थांबवायचं. एरर फेकायची, पान उघडूच द्यायचं नाही. डेव्हलपमेंटमध्येच आहोत ना, कोणाचं नुकसान होतंय?"

इथे माझं त्याच्याशी जमत नाही, आणि लिहिताना आजही जमलेलं नाही. माणूस नवीन असतो तेव्हा प्रत्येक थांबा त्याला घाबरवतो. आमच्या टीममध्ये नांदेड आणि सांगलीकडून आलेली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली दोन मुलं आहेत. डोकं तल्लख, जावा पक्की. पण पडद्यावर चाळीस ओळींचा इंग्रजी स्टॅकट्रेस आला की त्यांचे डोळे नेमक्या ओळीवर जाईपर्यंत वेळ लागतो, आणि तोवर ती स्वतःलाच दोष देऊन मोकळी होतात. एररमधलं वाक्य साधं, छोटं, एका कामाचं असेल तर ते त्यांना लगेच उमगतं. पल्लेदार असेल तर नाही. डॉक्युमेंटेशन इंग्रजीतच राहणार हे धरून चाललं, तरी ते लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवावं की ते वाचणारे निम्म्याहून जास्त लोक इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून वाचतात, असं मला माझ्या आजूबाजूला पाहून वाटतं. थांबवणारा इशारा द्यायचाच तर पुढे काय करायचं तेही त्याच वाक्यात हवं.

"म्हणजे शेवटी तुम्ही डॉक्युमेंटेशनवरच येता," निखिल म्हणाला.

"येते. तू ज्याला कंपोनंटची सुधारणा म्हणतोस त्यातला निम्मा भाग नीट लिहिलेलं वाक्यच आहे."

"आणि उरलेला निम्मा ते वाक्य योग्य क्षणी बोलणारा कोड."

रात्रीचे आठ वाजले होते. पतसंस्थेचं काम आधी होतं. आम्ही लिस्टव्ह्यू काढला आणि रिफ्रेशिंगव्ह्यू घातला. त्याला ओळी कशा टिकवायच्या याची पद्धत वेगळी देता येते. त्यातली रीयूज-इफ-मॉडेल्स-इक्वल ही आम्हाला हवी होती. ती ओळीला क्रमांकावरून ओळखत नाही, मॉडेलवरून ओळखते. तिसरा माणूस गेला की त्याचीच ओळ जाते, चौथा आपल्या ओंजळीसकट वर सरकतो. फक्त मॉडेल 'सारखं' कधी मानायचं हे नीट सांगावं लागतं. निखिलनं पहिल्या झटक्यात नावावरून सारखेपणा ठरवला. दोन रिकाम्या ओळी जोडल्या, दोन्हींचं नाव कोरं, म्हणजे दोन्ही एकच ठरल्या, आणि नवा गोंधळ झाला. मग प्रत्येक ओळीला जन्मतःच एक स्वतःचा क्रमांक दिला. नाव, पत्ता काहीही असो, ओळ तीच.

त्यानंतर त्यानं विकेट-टेस्टरवर एक चाचणी लिहिली: चार नावं भर, तिसरं काढ, पहिलं, दुसरं आणि चौथं जसंच्या तसं आहे का बघ. जुन्या कोडवर ती लाल झाली, नव्या कोडवर हिरवी. ती लाल चाचणी मला त्या दिवसातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटली. जावाडॉकमधल्या दोन वाक्यांच्या मधली जागा तिनं नेमकी दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी निखिल तपासणीचा पॅच लिहायला बसला. मी वेगळं काम घेतलं: फॉर्ममधली बदलती यादी कशी हाताळायची, याचं एकपानी उदाहरण. आधी चुकणारा कोड, मग तो का चुकतो ते चार चौकोनांच्या चित्रासह, मग बरोबर कोड. जावाडॉक हा संदर्भ आहे. कंपोनंटचं नाव ठाऊक असलेल्याला तो मदत करतो. आमचा प्रश्न कंपोनंटच्या नावानं सुरू होत नव्हता. 'अर्जात ओळी जोडायच्या आणि काढायच्या आहेत' असा तो सुरू होत होता. कामाच्या नावानं शोधणाऱ्याला रिफ्रेशिंगव्ह्यूपर्यंत नेणारी वाट लागते, आणि ती वाट आपल्यापैकीच कोणीतरी पाडायची असते.

कंपोनंट आधी की डॉक्युमेंटेशन आधी, यावर निखिल आणि मी अजून भांडतो. त्याच्या मते माझं उदाहरण तात्पुरतं आहे. त्याची तपासणी आली की ते लागणारच नाही. माझ्या मते त्याची तपासणी जो इशारा देईल त्यात त्या उदाहरणाकडे बोट दाखवणारं एक वाक्य असलंच पाहिजे. पतसंस्थेतल्या बाईंचा पुन्हा फोन आला नाही.

तुम्ही विकेट वापरत असाल तर एक विनंती. त्याची मार्गदर्शिका आंद्रेआ देल बेने यांनी मोफत म्हणून सुरू केली. आज ती फ्रेमवर्कच्या कोडशेजारीच, त्याच रिपॉझिटरीत, साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये आहे. कोडची दुरुस्ती जशी पाठवता येते तशीच तिची पाठवता येते. एखाद्या कंपोनंटपायी तुमची संध्याकाळ गेली असेल, तर ज्या चार ओळींनी ती वाचली असती त्या त्याच रात्री लिहून पाठवा. सकाळपर्यंत थांबलात की अडचण कशी होती तेच विसरायला होतं.